आरमाराला तीट

मी उमेदीची सगळी वर्षं येरवड्यात काढली. हे वाक्य ऐकून जो विनोद तुम्हाला सुचला, तो आमच्या सदाशिव पेठेत प्रत्येकानं करून झालेला आहे, तेव्हा तुम्ही तसदी घेऊ नका. येरवड्याच्या एका गल्लीत पत्र्याची एक लांबलचक शेड आहे आणि तिथे आम्ही लाइफ जॅकेटं शिवत असू. मी क्वालिटी बघायचे. म्हणजे बाकीच्यांनी मन लावून केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. पेठेत जन्मलेल्या बाईला यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागत नाही.

पुण्यात समुद्र नाही, हे मला आजवर किती लोकांनी समजावून सांगितलं असेल! अहो, पुण्यात चहाचे मळे तरी कुठे आहेत? म्हणून अमृततुल्यं बंद पडली का?

लाइफ जॅकेट म्हणजे माणसाला तरंगत ठेवणारी पिशवी, असा सगळ्यांचा समज असतो. तरंगतं तर ओंडकाही. बेशुद्ध माणूस पाण्यात पालथा पडतो, आणि पालथा माणूस तरंगत असला तरी नाकातोंडात पाणी जाऊन संपतोच. चांगलं जॅकेट त्याला आपोआप उताणा करतं आणि तोंड पाण्याच्या वर धरून ठेवतं. त्यासाठी छातीपाशी फोम जास्त, पाठीला कमी, आणि मानेमागे एक जाडजूड कॉलर. ही कॉलर म्हणजे जॅकेटचा जीव. तिची टीप उसवली की मान कलंडली, मान कलंडली की खेळ खलास. त्यामुळे कॉलर बंद करायचं काम शेडमधल्या सगळ्यात भरवशाच्या हाताकडे असायचं.

गिऱ्हाइकंही एकेक नग होती. धरणावर बोटिंग चालवणाऱ्या एका गृहस्थांना जॅकेटच्या छातीवर त्यांच्या नेत्याचा फोटो हवा होता. मी म्हटलं, "माणूस वर येईल याची हमी देते, नेत्याची देत नाही." लग्नाआधीचं फोटोशूट करणारं एक जोडपं आलं होतं. मुलगी म्हणाली, "मॅम, याच्यात थोडं स्लिम दिसेल असं काही आहे का?" मी सांगितलं, "आहे, पण ते बुडतं." शिरीष, म्हणजे आमचा मालक, आतून कपाळाला हात लावायचा. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी तिथे असल्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला नीलाताई म्हणतो. गिऱ्हाइकं माझ्यामुळे पळतात असं त्याचं म्हणणं होतं. पळालेली परत यायची, कारण माल चोख होता.

तर असं सुखानं चाललेलं असताना एका दूरच्या देशाच्या संसदेनं आमच्या शेडमध्ये पाय ठेवला.

देशाचं नाव सांगत नाही, तसं लिहून दिलेलं आहे. त्या देशाचा आणि आपल्या सरकारचा आरमारी सहकार्याचा करार झाला. त्यांच्या युद्धनौका आपल्या बंदरांत दुरुस्तीला येणार, आपल्या नौदलाबरोबर कवायती करणार, लागेल ते सामान इथे घेणार. त्यांच्या संसदेनं त्यासाठी कायदा केला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. तोफा आणि पाणबुड्यांशी माझं काय देणंघेणं?

काही महिन्यांनी शिरीष हातात कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आला. बोटींवरच्या जॅकेटांची ऑर्डर मिळण्यासारखी होती. पण त्या कायद्याच्या शेपटाकडे एक कलम होतं, तिथल्या काही खासदारांनी हट्टानं घातलेलं. युद्धनौकेवर जे जे चढेल, मग ती तोफ असो की शिटी, ते बनवणाऱ्या माणसांची नीट निगा राखलेली असली पाहिजे. त्यांना नगावर राबवायचं नाही, कायम कामावर घ्यायचं. बसायला पाठ असलेली खुर्ची, कामावर पुरेसा उजेड, डोळ्यांची तपासणी, स्वच्छ संडास, प्यायचं पाणी. कामाबद्दल त्यांनी काही सुधारणा सुचवली तर ती ऐकून घ्यायची, आणि मालाला अपाय होत नसेल तर स्वीकारायची.

"ताई, हे लोक जॅकेट बघायला येणार आहेत की संडास?" शिरीष वैतागला होता.

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि आपलं जॅकेट चांगलं आहे."

त्यानं मनावर घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. भिंती रंगवल्या, दिवे बदलले, नवे संडास बांधले. खुर्च्या आल्या त्या दिवशी तर गंमतच झाली. बायका जन्मभर स्टुलावर बसून मशीन चालवलेल्या. पाठ टेकायची कशी हेच कुणाला कळेना. निम्म्या जणींनी चपला काढल्या आणि खुर्चीवर चक्क मांडी ठोकली! पायाखाली मशीनचं पॅडल रिकामं आणि वर बाई बैठकीला बसल्यासारखी. दोन दिवस शेडमध्ये काम कमी आणि हसणंच जास्त झालं.

पण खरा फरक वेगळाच होता, आणि तो माझ्या लक्षात आला माठामुळे. आधी एक माठ दिवसभर पुरायचा. आता दुपारपर्यंत तळ दिसायचा. मला वाटलं गळतोय. खालून हात फिरवून पाहिला, कोरडा ठणठणीत. मग समजलं. इतकी वर्षं या बायका सकाळी घरून निघाल्या की संध्याकाळी घरी जाईपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायची जागा अशी होती की मी स्वतः नाक दाबून, देवाचं नाव घेऊन जायचे. आता जागा चांगली झाली, तशा त्या घोट घोट पाणी पिऊ लागल्या. डोकेदुखीच्या गोळ्या मागायला माझ्याकडे जी रांग लागायची ती आपोआप बंद झाली. तोफांच्या करारानं येरवड्यातल्या बायकांची तहान भागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला शेजारच्या त्या प्रसिद्ध हॉस्पिटलचा पत्ता दिला असता.

आमच्या भिंतीला भिंत लावून दुसरी एक शेड आहे. तिथे शाळेची दप्तरं शिवतात. तिथल्या बायका अजून स्टुलावर बसतात आणि मधल्या सुट्टीत आमच्याकडे येऊन पाणी पितात. आपल्याकडे कायदे नाहीत असं थोडंच आहे? आहेत, छापील आहेत, त्या शेडच्या भिंतीवर चिकटवलेलेही आहेत. पण दप्तरं वापरणारं आरमार अजून निघालेलं नाही. हे मनाला लागतं, आणि मी निवृत्त झाले तरी लागायचं थांबलेलं नाही.

आता मंदाबाई. कॉलर बंद करणारा भरवशाचा हात तो त्यांचा. मूळच्या यवतमाळकडच्या, पैनगंगेच्या काठच्या. नवरा इकडे कारखान्यात लागला म्हणून आलेल्या, पुढे तो गेला आणि या राहिल्या. उंचीनं बेताच्या, आवाज मात्र शेडच्या त्या टोकाला पोचणारा. आयुष्यात कुठलीच गोष्ट कायमची मिळाली नाही असं त्या हसत हसत सांगायच्या: भाड्याची खोली, उसनं मशीन, नगावरचं काम. शिरीषनं सगळ्यांना कायम केल्याचं जाहीर केलं, पण एक मेख मारून. पहिला लॉट पास झाला तरच. नाहीतर ऑर्डर नाही आणि सगळ्या परत नगावर.

"बाई," मंदाबाईंनी मला विचारलं, "कायम म्हंजे उद्या ये की नोको ये, हे कोनाले विचाराचं नाई ना?"

"नाही."

"आजारी पडली तरी?"

"तरी."

"मंग मी एकदा आजारी पडून पाहीन," म्हणाल्या आणि मोठ्यांदा हसल्या. त्यांना ते किती हवं होतं ते मला त्या हसण्यातून कळलं.

आणि मग तपासणीला त्या देशाच्या आरमाराची अधिकारीण आली. उंच, सडसडीत, केस बारीक कापलेले. हुद्दा काहीतरी लांबलचक होता, बायकांनी पहिल्याच तासात तिची कप्तानबाई करून टाकली. ती हसायची नाही, पण बघायची मात्र सगळं. आल्या आल्या आधी संडासात गेली, बाहेर आली, बायकांच्याच माठातलं पाणी प्याली आणि मान हलवली. शिरीषनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मुलगी पसंत पडली.

मग टेबलावर जॅकेटं. पट्टे ओढून पाहिले, बकलं उघडली, शिट्ट्या वाजवल्या. सगळं चोख. शेवटी तिनं एक जॅकेट उलटं केलं आणि कॉलरच्या आतली घडी बोटांनी उघडली. तिथे कुणी बघत नाही. मी सुद्धा नाही, आणि हे लिहिताना अजून कान गरम होतात.

केशरी कापडावर एक काळा टाका. हातानं घातलेला, तिरपा, तांदळाच्या दाण्याएवढा.

तिनं दुसरं जॅकेट उघडलं. काळा टाका. तिसरं. काळा टाका. बघता बघता टेबलावर केशरी ढीग झाला आणि प्रत्येकात तो टाका. मशीनं एकेक करून थांबली. लष्करी माणसाला सामानावर न सांगितलेली खूण सापडली की त्याच्या डोक्यात काय काय येत असेल ते मी सांगायला नको.

"हे काय आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

शिरीष माझ्या कानाशी मराठीत कुजबुजला, "ताई, कारागिराची ओळखीची खूण म्हणून सांगा. खपून जाईल."

"आज खपेल. आणि कुणाची कोणती खूण याचा तक्ता मागितला तर तो तू शिवून देणार आहेस का?" मी त्याला म्हटलं, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी घातला तो," मंदाबाई म्हणाल्या. "तीट हाये ती."

आता झाली का पंचाईत! आमच्या घरात दृष्टबिष्ट कुणी मानत नाही. माझ्या वडिलांनी माझ्या बारशालासुद्धा तीट लावू दिली नव्हती, म्हणूनच मी अशी झाले असं आई म्हणायची. आणि आता परदेशी आरमारापुढे दृष्ट म्हणजे काय ते मलाच समजावून सांगायचं! सांगितलं. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका लावतात. फार देखणं दिसलं तर कुणाची नजर लागेल म्हणून मुद्दाम एक खोट ठेवायची. ही बाई काजळाच्या जागी दोरा वापरते आहे.

"कोणाची नजर?" कप्तानबाईनं विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. मी मंदाबाईंकडे वळले.

"पान्याची," मंदाबाई म्हणाल्या. "आमच्या गावात दर पावसाळ्यात नदी कोनाले ना कोनाले नेते. माझ्या भावाले नेलं. लहान होता, लई गोरागोमटा. आजी म्हने, पान्याले आवडलं त ते ठेवून घेते. हे जाकीट कोनाचं तरी लेकरूच घालीन ना? इतक्या दूर, इतकं पानी. मले करमलं नाई बिनतिटीचं पाठवाले."

मी शब्द न बदलता सगळं सांगितलं. आता ही बाई विरघळणार, मंदाबाईंना मिठी मारणार असं शिरीषला वाटलं असावं. कुठलं काय!

"टाका म्हणजे भोक," कप्तानबाई म्हणाली. "आणि भोकाला भावना कळत नाहीत. हे ड्रॉइंगमध्ये नाही. लॉट थांबवावा लागेल."

मला मनातून ही बाई आवडली. आमच्या पेठेत एका दिवसात रुळली असती. पण आमच्याच भिंतीवर, माझ्याच अक्षरात एक नियम लावलेला होता: ड्रॉइंगमध्ये नसलेली टीप मारणाऱ्यास लाइनवरून उतरवण्यात येईल. मंदाबाईंनी त्या पाटीकडे पाहिलं, मशीनचं बटण बंद केलं आणि उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मात्र," कप्तानबाई पुढे म्हणाली, "अपाय होतो की नाही हे पाण्यात ठरेल. चाचणी कुठे करता?"

झालं. हे सांगायची वेळ येऊ नये म्हणून मी देव मानत नसूनही प्रार्थना करत होते.

चाचणीसाठी आम्ही सुरुवातीला शहरातले पोहण्याचे तलाव धुंडाळले होते. एकावर पाटी होती: 'ट्यूब, जॅकेट व तत्सम साधने आणू नयेत. पोहता येत नसल्यास येऊ नये.' मी ती दोनदा वाचली आणि मुकाट्यानं परत आले. शेवटी सोय झाली ती लोणी काळभोरला, बापूंच्या शेततळ्यात. बापू म्हणजे आम्हाला फोमचे तुकडे बांधायची पोती पुरवणारे शेतकरी. शेततळं म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेला मोठा चौकोनी खड्डा, आतून काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. समुद्राचा आमचा काय तो एवढाच अनुभव. मंदाबाईंनाही गाडीत घेतलं आणि सगळे तिकडे गेलो.

कप्तानबाईनं तळं पाहिलं, काठावरची म्हैस पाहिली, आणि बूट काढायला लागली. "मी स्वतः उतरणार," म्हणाली. "आणि जिनं टाका घातला ती."

"म्याडम, शेवाळ हाय," बापू कळवळून म्हणाले, "पाय घसरंल. दोर धरा!"

मंदाबाईंना दोर लागला नाही. पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवून त्या अशा उतरल्या की जणू पैनगंगेतच चालल्या आहेत. भाऊ गेल्यावर आजीनंच त्यांना कंबरेला दोरी बांधून पोहायला शिकवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. कप्तानबाई मात्र पहिल्या पावलालाच घसरली आणि बसल्या बसल्या थेट पाण्यात गेली. एवढं मोठं आरमार, पण लोणीच्या शेवाळानं त्याला जमिनीवर आणलं. बापूंनी डोळे मिटून घेतले. ती वर आली आणि पहिल्यांदा हसली. केवढी हसली!

चाचणी अशी असते: अंग सैल सोडून पालथं पडायचं, तोंड पाण्यात, मेल्यासारखं. काही करायचं नाही, जॅकेटनं करायचं. कप्तानबाई पालथी पडली. आम्ही काठावर उभे. तेवढ्यात बापूंची आई घरातून चहा घेऊन आली. तिला चाचणीबिचणी काही माहीत नव्हतं. तिनं पाण्यात पालथी पडलेली गोरी बाई पाहिली आणि कपबशा टाकून जो टाहो फोडला, "अगं बाई गं, पाव्हणी मेली की रं बापू!" तेवढ्यात जॅकेटनं आपलं काम केलं. कप्तानबाई अलगद वळली, तोंड आभाळाकडे, आणि म्हातारीकडे बघून तिनं हात हलवला. म्हातारी मटकन खालीच बसली.

त्यानंतर मंदाबाई. मग पुन्हा कप्तानबाई, दुसरं जॅकेट. मग दोघी एकदम. एकही जॅकेट चुकलं नाही, एकही कॉलर हलली नाही. शेवटी शेवटी चाचणी संपली होती आणि दोघी नुसत्याच उताण्या पडून तरंगत होत्या, एकमेकींशी बोलत होत्या. एक त्या देशाच्या भाषेत, एक वऱ्हाडीत. काय बोलल्या कोण जाणे. मला भाषांतराला बोलावलं नाही.

बाहेर आल्यावर म्हातारीनं कप्तानबाईला ओल्या अंगानं तशीच चुलीपुढे उभी केली. मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, डोक्यापासून पायापर्यंत उतरवल्या, "आल्यागेल्याची, जळतीमरतीची, समद्यांची निघून जाऊ दे" असं काहीबाही पुटपुटली आणि चुलीत टाकल्या. तडतड तडतड! "बघा, केवढी लागली व्हती," म्हातारी म्हणाली. कप्तानबाईनं प्रश्नार्थक माझ्याकडे पाहिलं.

"टाक्याचं जे काम, तेच हे," मी सांगितलं.

तिनं विचार केला. "याला भोक पडत नाही," म्हणाली, "हे चांगलं आहे." मग तिनं म्हातारीच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, नाक पुसलं, आणखी मागितली.

पण जाताना तिनं मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. चाचणी उत्तम झाली. तरी मालात न सांगता केलेला बदल मी माझ्या अधिकारात पास करू शकत नाही. पाहिलं ते जसंच्या तसं कळवीन. निर्णय तिकडे होईल, आणि तोवर या बाई लाइनवर नकोत.

ते दिवस वाईट गेले. शिरीषनं मंदाबाईंना दाराजवळ धागे कापायला बसवलं. तो तरी काय करणार? बायका रोज सकाळी आल्या की आधी विचारायच्या, "आलं का काही?" मंदाबाई विचारत नसत. हसणंही बंद झालं होतं. मी माठाकडे लक्ष ठेवून होते. त्या तिकडे फिरकेनात.

"मंदाबाई, पाणी प्या हो."

"तहानच नाई लागून राहिली, बाई," म्हणाल्या. "आता सवय नोको लावाले. उद्या पुन्हा कुठी जा लागते, तिथी कसं राहीन."

आमच्या घराण्यात कामावर कुणी रडत नाही, म्हणून मी आत जाऊन तपासलेली बकलं पुन्हा तपासली.

आणि एका दुपारी शिरीष कॉम्प्युटरसमोरून ओरडला. त्याचा ओरडा ऐकून मला वाटलं, शॉक लागला. सगळ्या धावल्या. पडद्यावर जॅकेटचं नवं, सुधारलेलं ड्रॉइंग होतं. कॉलरपाशी एक बाण, आणि बाणाच्या शेपटाशी लिहिलेलं: काळ्या दोऱ्याचा एक टाका, हाताने, आतील घडीत, शिवणीबाहेरील कापडावर. लांबी सहा मिलिमीटर, कमी-जास्त एक. जागा जराशी सरकवली होती, जिथे भोक पडलं तरी बिघडत नाही अशी. खाली कारण दिलं होतं: कायद्यातील तरतुदीनुसार, बनवणाऱ्या व्यक्तीने सुचवलेली आणि निरुपद्रवी आढळलेली सुधारणा. लॉट मंजूर.

म्हणजे बघा हं. त्या देशाच्या संसदेत टाय लावून बसलेल्या खासदारांनी एक कलम केलं, आणि त्या कलमाच्या आधारानं यवतमाळची तीट एका अख्ख्या आरमाराला सक्तीची झाली. आता ज्या जॅकेटला तीट नाही ते नापास!

मी ते मोठ्यानं मराठीत वाचून दाखवलं. असा कालवा झाला की शेजारच्या शेडमधल्या बायकाही धावत आल्या. कुणी मंदाबाईंना उचलून घेतलं, कुणी शिट्ट्या वाजवल्या. आमच्याकडे शिट्ट्यांना तोटा नव्हता. शिरीषनं पेढे मागवले, मंदाबाईंचा हात धरून त्यांना त्यांच्या मशीनवर नेऊन बसवलं आणि म्हणाला, "मंदाबाई, कायम. आजारी पडा खुशाल!"

त्या रडत होत्या आणि हसत होत्या. मग एकदम गंभीर झाल्या. "काय म्हनलं बाई तुमी? सहा मिलिमीटर? तीट काय कोनी मोजून लावते?"

"आता लावायची," मी म्हटलं आणि मोजपट्टी पुढे ठेवली.

त्या दिवसापासून मी रोज कॉलर उलटी करून तीट मोजत बसे. माझ्या वडिलांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार मी टाळते.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात नमुन्याचं जॅकेट तयार करायचं होतं. नमुना म्हणजे जे कधी वापरायचं नाही, तपासणीच्या खोलीत भिंतीवर टांगून ठेवायचं, पुढच्या प्रत्येक जॅकेटनं त्याच्यासारखं व्हायचं. मी कॉलर उलटली. टाका नाही.

"मंदाबाई, तीट राहिली."

"राहिली नाई, घातलीच नाई," त्या म्हणाल्या. "हे भित्तीवर टांगाचं. भित्तीले काय दृष्ट लागते?"

"ड्रॉइंगमध्ये आहे."

"तुमी त मानत नाई ना बाई?"

"मी ड्रॉइंग मानते."

त्यांनी सुईत काळा दोरा ओवला, जॅकेट मांडीवर घेतलं, आणि थांबल्या. "टाका घालताना मी मनातल्या मनात म्हनत असते, सुखी राहा लेकरा, घरी ये. हे कोनीच घालनार नाई. मंग कोनाले म्हनू?"

शेडमध्ये मशीनं चालू होती.

"मला म्हणा," मी म्हटलं.

मंदाबाईंनी वर पाहिलं. मग मान खाली घालून टाका घातला आणि या वेळी मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात, "सुखी राहा, नीलाबाई. येत जा."

मी जॅकेट घेतलं आणि पास केल्याची सही केली. तो टाका मी मोजला नाही.